योगराजकाकांची चौकशी

धरणगाव,
दि. ९ जुलै २०२५

दिपमाला यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्राची सुरुवात कशी करावी यावर माझा बराच वेळ गेला. 'चि. सौ. कां.' लिहिणं हे वडीलधाऱ्यांचं काम, आणि 'प्रिय' लिहावं इतकी आपली ओळख नाही. शब्दकोशाप्रमाणे तुमचं नाव 'दीपमाला' असं हवं, पण बायोडाटावर तुमच्या सहीत पहिली वेलांटी आहे, म्हणून तशीच ठेवली.

मी कुंदन बोरसे. गेल्या महिन्यात आई आणि हिलालमामांबरोबर धुळ्याला तुमच्या देवपूरच्या घरी पोहे खायला आलो होतो. तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत आणि मी दोन्हींना 'हो' म्हणालो. दुसरा प्रश्न 'तुम्हाला भाजी कोणती आवडते' असा होता, हे परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं. फोनवरही माझं असंच होतं. लिहिताना निदान शब्द तपासता येतो. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर आधी बाकीचे वाचतील, म्हणून तुम्ही काम करता त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

आता मुद्दा. हिलालमामा परवा म्हणाले की तुमच्याकडे सगळ्या नातेवाइकांत मी ऑनलाइन विद्यापीठात फिजिक्सचा प्राध्यापक आहे अशी माहिती आहे. तसं नाही. मी बारावी सायन्स झालो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना वडील गेले. ते इथल्या जिनिंग मिलमध्ये वजनकाट्यावर होते, त्यांच्या जागेवर मी बसलो. शेतकऱ्यांचा कापूस येतो, त्या गाड्यांचं वजन करणं हे माझं काम. बायोडाटावर मामांनी 'नोकरी: खाजगी' एवढंच लिहिलं, ते मी तेव्हाच बदलायला लावायला हवं होतं.

जूनपासून मी एका विद्यापीठाचा आधुनिक भौतिकशास्त्राचा ऑनलाइन कोर्स करतो आहे. करतो आहे म्हणजे शिकतो आहे. पदवी नसली तरी त्याला नाव घालता येतं. व्याख्यानं इंग्रजीत असतात, ती मला एकदा ऐकून कळत नाहीत. म्हणून मी प्रत्येक धडा मराठीत उतरवतो आणि मग कोणाला तरी शिकवत असल्यासारखा मोठ्याने बोलून पाहतो. पावसाळ्यात मिल बंद असते. कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या शेडमधल्या भिंतीवर खडूने आकृती काढतो, समोर मोबाइल उभा करून सगळं टिपतो आणि नंतर ऐकून चुका शोधतो. 'नमस्कार, विद्यार्थी मित्रांनो' असं म्हटल्याशिवाय मला बोलायला सुरुवातच करता येत नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

तुमचे योगराजकाका चौकशीला आले ते नेमके अशा वेळी. फाटकावर आमचे उखर्डूदादा चौकीदार आहेत. ते मला गमतीने 'सर' म्हणतात. काकांनी विचारलं, आत कोण? दादा म्हणाले, "सर शिकाडी र्‍हायनात." काकांनी खिडकीतून डोकावून मला मोबाइलसमोर शिकवताना पाहिलं आणि ते आल्या पावली परत गेले. हे मला उखर्डूदादांनीच हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

हिलालमामांचं म्हणणं, "भाच्या, तू स्वतः काही खोटं बोलला का? नाही ना? मग गप र्‍हाय. पोळा झाला की पुढच्या रविवारी सुपारी फुटते आहे. एकदा सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग कोण विचारतं?" मला ते पटत नाही. सुपारीच्या आधी तुमच्या घरी खरं काय ते कळायला हवं. ते ऐकून तुमच्याकडून नकार आला तर मी समजून घेईन, आणि आईलाही समजावीन.

आपला,
कुंदन बोरसे


धुळे,
१६ जुलै २०२५

कुंदन यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा आमचे मालक सत्तारचाचा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. पाकिटावर इतक्या सुंदर अक्षरात पत्ता बघून त्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आहे. म्हणाले, "बेटी, काही केलंस का?" मी म्हटलं, "केलं नाही चाचा, ठरतंय."

आधी कच्चं लिहून मग पक्कं केलंत ना? एवढ्या लांब पत्रात एक खाडाखोड नाही.

दुकानात मी दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावते. जवळजवळ प्रत्येक जण ती दिसते म्हणतो आणि अंदाजाने अक्षरं ठोकून देतो. 'मला दिसत नाही' असं विचारायच्या आत सांगणारं गिऱ्हाईक क्वचित. तेव्हा तुमच्या पत्राचा मला राग आला नाही. तसंही काकांची बातमी ऐकली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, हा माणूस भाजीला 'हो' म्हणतो, तर वर्गात काय शिकवत असेल?

आता काकांचं ऐका. आमच्या भावकीत कोणाचंही लग्न ठरत आलं की चौकशीला योगराजकाका जातात. एसटीत कंडक्टर होते, खान्देशातलं गाव न् गाव ओळखीचं. मुलाच्या गावी उतरायचं, सलूनमध्ये बसायचं, गिरणीवर उभं राहायचं, नाव सांगायचं नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन निकाल द्यायचा. आजवर त्यांची चौकशी चुकलेली नाही. माझे अण्णा तर त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. धरणगावहून आले त्या दिवशी चप्पल काढायच्या आत ओरडले, "पोर्‍या प्रोफेसर शे! मोबाइलवर शिकाडी र्‍हायंता. मी मना डोयाघाई देखं!" रात्रीपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर ते सांगून झालं होतं.

मी घरी अजून काही बोलले नाही. बोलेन. पण त्याआधी माझी एक अट आहे. तुम्ही त्या भिंतीला काय शिकवत होतात, ते मला लिहून पाठवा. मी बी.कॉम. आहे, तेव्हा मला समजेल असं लिहा. लग्न झालं तर नवरा रोज कशात डोकं घालून बसणार आहे, हे मला कळायला नको का?

आणि भाजी कोणती आवडते, तेही लिहा.

दिपमाला


धरणगाव,
दि. २१ जुलै २०२५

दिपमाला यांस,
सप्रेम नमस्कार.

भाजी: भरीत. हिरव्या वांग्याचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या.

त्या दिवशीचा धडा प्रकाशाचा होता. एका धातूच्या पत्र्यावर प्रकाश पाडला की त्यातून इलेक्ट्रॉन नावाचे फार बारीक कण बाहेर पडतात. लोकांना वाटे की प्रकाश जितका प्रखर, तितक्या जोराने कण उडतील. पण काही धातूंवर तांबडा प्रकाश कितीही झगझगीत पाडा, दिवसभर पाडा, एकही कण सुटत नाही. आणि जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश अगदी मिणमिणता असला तरी कण लगेच सुटतात. असं का, हा प्रश्न होता.

उत्तर असं की प्रकाश धारेसारखा सलग येत नाही, गाठोड्यांनी येतो. गाठोडं केवढं असायचं ते रंगावर ठरतं. तांबड्याचं लहान, जांभळ्याचं मोठं. एका कणाला एक गाठोडं मिळतं. ते पुरेसं मोठं असेल तर कण सुटतो. लहान असेल तर मागून लाखो लहान गाठोडी आली तरी उपयोग नाही, कारण ती एकत्र होऊन जोर लावत नाहीत.

हे मी स्वतःला काट्यावरून समजावलं. आमचा काटा पाच किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो. गाडीवर कोणी किलोभर कापूस आणखी टाकला तर आकडा बहुतेक वेळा हलत नाही. पण हे उदाहरण जसंच्या तसं घेऊ नका, त्यात एक खोट आहे. गाडीवरचा कापूस टप्प्याने नसतो, टप्पा आमच्या काट्यात असतो. प्रकाशाचं उलट आहे. तिथे टप्पा काट्यात नाही, मालातच आहे. हे लक्षात आलं त्या दिवशी मी शेडमध्ये कितीतरी वेळ नुसता उभा होतो. जग असं आहे आणि मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, असं वाटलं.

मला हे फार चांगलं येतं असा समज करून घेऊ नका. समजतं तेव्हा समजतं, पण गणितं सोडवताना गडबडतो. गेल्या आठवड्याच्या चाचणीत निम्मी उत्तरं चुकली. एकदा तर उत्तर बरोबर आलं होतं, ते मी तपासून तपासून चुकीचं केलं.

तुमची अट मी पूर्ण केली आहे. आता कृपा करून घरी सांगा.

आपला,
कुंदन


धुळे,
६ ऑगस्ट २०२५

कुंदन यांस,
नमस्कार.

उशीर झाला, कारण घरी कानबाईदेवीचा सण होता. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्याकडेही असेलच: प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू घेऊन दळायचे, त्या पिठाचे रोट, आणि ते भाऊबंदांशिवाय कोणी खायचे नाहीत. म्हणजे ज्यांना ज्यांना काकांनी तुमचं सांगितलं ते बठ्ठे, झाडून सगळे, एका छताखाली. मी ठरवलं, सांगायचं तर एकदाच आणि सगळ्यांना.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून आलो आणि सगळे रोट खायला बसले, तेव्हा मी उभी राहून सांगितलं की मुलगा प्राध्यापक नाही, जिनिंगवर काट्याला बसतो, आणि जे शिकवत होता ते स्वतःच शिकत होता.

पहिल्यांदा बेबाआजी बोलली. "मग? काट्यावर बसस तर वाईट काय शे? बशीसन काम शे ना?"

अण्णांनी काकांकडे पाहिलं. काकांनी रोटाचा घास शांतपणे खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुले कोनी सांगं?"

"त्यांनीच."

"बस. मंग प्रोफेसरच शे. खोटा प्रोफेसर सांगत फिरस, मी प्रोफेसर शे. खरा कधी सांगाव नई. पोर्‍या नम्र शे."

मी म्हटलं, काका, त्यांनी पत्रात लिहून दिलंय. तर म्हणाले, आण पत्र. मी पहिलं पत्र आणून दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वरून खालपर्यंत पाहिलं, वाचलं नाही, नुसतं पाहिलं, आणि ते सगळ्यांसमोर धरलं. "देखा! एक बी चूक नई. काट्यावाला असं लिहस का?" सगळ्यांनी माना हलवल्या. पत्र हातोहात फिरलं, वाचलं कोणीच नाही. माझी चुलत वहिनी म्हणाली, अक्षर तर छापल्यासारखंच आहे हो.

तर मी सांगितलं. कोणी मानलं नाही.

मला वाटतं आता सोडून द्या. तुम्ही तुमच्या बाजूने खरं बोललात, मी माझ्या. चोवीस तारखेला सुपारी फुटू दे. काकांना हळूहळू कळेल, नाही कळलं तर नाही. माझं लग्न तुमच्याशी व्हायचं आहे, आणि मला माहीत आहे तुम्ही कोण आहात.

तुमचा काटा मला समजला. सत्तारचाचांनाही सांगितला. ते विचारतात, माल जर टप्प्यानेच येतो, तर अर्धं गाठोडं कोणालाच मिळत नाही का?

दिपमाला


धरणगाव,
दि. ११ ऑगस्ट २०२५

दिपमाला यांस,
सप्रेम नमस्कार.

नाही, अर्धं कोणालाच मिळत नाही. चाचांना सांगा, पुढच्या धड्याची सुरुवात याच प्रश्नाने होते.

तुमचं पत्र वाचून मी हिंमत करून योगराजकाकांना फोन केला. म्हटलं, काका, मी विद्यार्थी आहे. ते म्हणाले, "सर, शिकणारा जन्मभर विद्यार्थीच ऱ्हास." मी म्हटलं, मी काट्यावर बसतो. ते म्हणाले, "त्या मिलमा तुमना वाटा शे का?" गडबडून मी 'हो' म्हणालो. लगेच दुरुस्त केलं, पण तोवर ते हसत होते.

काल हिलालमामांनी सांगितलं की लग्नपत्रिकेवर माझ्या नावाआधी 'प्रा.' छापायचं तुमच्याकडे नक्की झालं आहे.

दिपमाला, मला हे जमणार नाही. चारचौघांत तुमचे लोक मला ज्या नावाने ओळखतील, तो मी नाही. कोणीतरी विचारणार, कुठल्या कॉलेजला? मग मी काय बोलू? आणि तुम्ही शेजारी उभ्या असाल. मी रोज हे मनात घोळवतो आणि माझी झोप उडाली आहे. काकांना खरं पटेपर्यंत सुपारी पुढे ढकलावी, असं मी मामांमार्फत तुमच्या अण्णांना कळवलं आहे. मामा खूप रागावले.

आपला,
कुंदन


धुळे,
१७ ऑगस्ट

कुंदन बोरसे यांस,

निरोप पोचला. तुम्ही मला आधी विचारलं नाहीत, आधी मामांना सांगितलंत आणि मग मला पत्र टाकलंत. ते माझ्या हातात पडायच्या आत घरात सगळ्यांना कळलं होतं.

इथे त्याचा अर्थ काय निघाला, ते सांगते. प्रोफेसर मुलाला बी.कॉम. मुलगी कमी वाटली, म्हणून मुलाकडचे मागे सरले. गल्लीत हेच बोलतात. अण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

मी म्हटलं होतं, मला माहीत आहे तुम्ही कोण आहात. ते तुम्हाला पुरलं नाही. तुम्ही लग्न माझ्याशी ठरवत होतात की काकांशी? नकार द्यायचा असेल तर तो दोन ओळींत लिहिता येतो. त्याला एवढी स्वच्छ कारणं लागत नाहीत.

आता पत्र लिहू नका.

दिपमाला


धरणगाव,
दि. २९ सप्टेंबर २०२५

दिपमाला यांस,

लिहू नका म्हणालात, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. पण एक ओळ तेव्हा लिहायला हवी होती आणि ती राहिली, म्हणून हे पत्र.

माझा नकार नाही.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी सगळं तपासतो आणि नेमकं समोरच्या माणसाला विचारायचं विसरतो.

कोर्समध्ये सध्या किरणोत्सार चालू आहे. काही अणू आपोआप फुटतात. त्यांच्या ढिगातला एखादा अणू कधी फुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. आत्ता फुटेल किंवा हजार वर्षं तसाच राहील. पण सगळा ढीग निम्मा कधी होईल, हे मात्र नेमकं काढता येतं. ढिगाचं गणित मी बरोबर सोडवलं. एकाची वाट कशी पाहायची, ते त्यात नाही.

परीक्षा १ नोव्हेंबरला आहे. कोर्स ऑनलाइन असला तरी परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि मला धुळ्याचं केंद्र आलं आहे. तुमच्या गावात येऊन न सांगता गेलो असं व्हायला नको, म्हणून कळवतो. घरी येणार नाही.

कुंदन


धुळे,
१४ ऑक्टोबर २०२५

कुंदन यांस,
नमस्कार.

पत्र दोन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. सत्तारचाचा रोज ड्रॉवर उघडायचे, पाकिटाकडे बघायचे आणि बंद करायचे. शेवटी म्हणाले, "बेटी, जवाब दे दे, मला स्क्रू काढायला अडचण होते."

मधल्या काळात शिरपूरचं एक स्थळ येऊन गेलं. मुलाने पाच मिनिटांत स्वतःचं सगळं सांगितलं. खालच्या ओळीपर्यंत सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं. मी नाही म्हणाले. अण्णांनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मला अजून पहिल्याचं उत्तर आलेलं नाही. आता आलं.

तुम्ही परीक्षेला येताय हे मी घरी सांगितलं. मला वाटलं, आता तरी पटेल. काका म्हणाले, "बरोबर शे. पेपरवर लक्ष ठेवाले ई र्‍हायना."

अभ्यास करा. एकदा आलेलं उत्तर पुन्हा तपासू नका.

दिपमाला


धरणगाव,
दि. २९ नोव्हेंबर २०२५

दिपमाला यांस,
सप्रेम नमस्कार.

निकाल आला. मी नापास झालो.

सगळं क्रमाने लिहितो. केंद्रावर पोचलो तर फाटकाजवळ योगराजकाका पाण्याची बाटली घेऊन उभे होते. त्यांनी माझा हात धरून मला थेट सुरक्षारक्षकाकडे नेलं आणि म्हणाले, "सरांना आत जाऊ द्या." रक्षक म्हणाला, "हॉल तिकीट काढा आणि रांगेत लागा." कॉलेजच्या दोन मुलींच्या मागे मी उभा राहिलो. काका शेजारून चालत होते. माझ्या हातातलं हॉल तिकीट त्यांनी पाहिलं, त्यावरचा माझा फोटोही पाहिला, आणि मोठ्याने म्हणाले, "आते सर लोकले बी रांग!" मुली हसल्या. मी खाली पाहिलं.

पेपरचा दोष नाही. प्रश्न शिकवलेल्यातलेच होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वेळ उलटी सरकत होती आणि माझं लक्ष तिकडेच. पहिली काही गणितं मी बरोबर सोडवली असतील, पण तुमचं ऐकलं नाही, ती परत परत तपासत बसलो आणि शेवटचं पान उघडलंच नाही. थोडक्यात गेलो असं म्हणता येणार नाही. चांगलाच गेलो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, पुन्हा दे," आणि भाकरी उलटायला वळली. मिलमध्ये हंगाम सुरू झाला आहे, फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग असते. त्यामुळे फार विचार करायला वेळ मिळत नाही, ते बरं आहे.

तुमच्या काकांना वाटतं तसा मी प्राध्यापक नाही, आणि आता उत्तीर्णही नाही. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. सुपारीचंही तुम्हीच ठरवा. या वेळी मी मामांना काही बोललो नाही, आधी तुम्हाला विचारतो आहे.

कुंदन


धुळे,
६ डिसेंबर २०२५

कुंदन यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. काका ओट्यावर शेंगा सोलत होते. मी म्हटलं, काका, कुंदन नापास झाले.

"कोन नापास? त्यास्ना विद्यार्थी?"

"कुंदन. स्वतः."

"काय विषयमा?"

"फिजिक्समध्ये. त्या दिवशी ते पेपर द्यायला आले होते."

काकांनी हातातली शेंग सुपात ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "प्रोफेसर नापास व्हस नई." थोड्या वेळाने, "म्हणजे पोर्‍या खरं सांगी र्‍हायंता." आणि मग एकदम माझ्याकडे बघून, "इतला दिन तो खरं सांगी र्‍हायंता, आन् मी त्याले बोलू दिधं नई!"

त्यांच्या चौकशीत चूक निघाली, ही आमच्या घरात पहिलीच वेळ. बेबाआजी म्हणाली, "खिडकीमाईन देखीसन निकाल देस, मंग असंच व्हवाव." काका जेवले नाहीत. सकाळी उठून पाहतो तर पिशवी घेऊन निघून गेलेले.

कुठे गेले असतील? धरणगावला. मंगळवारी दिवसभर तुमच्या मिलबाहेर चहाच्या टपरीवर बसून होते. तुम्हाला दिसले नाहीत ना? ते कोणाला दिसत नाहीत. संध्याकाळी परत आले, चप्पल काढून, पाय धुऊन, पाणी पिऊन मग बोलले. या वेळी ओरडले नाहीत. म्हणाले, एक ट्रॅक्टरवाला वजनावरून तुमच्याशी भांडत होता. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. तुम्ही आवाज चढवला नाहीत, त्याची गाडी मागे घ्यायला लावलीत, रिकामा काटा त्याला दाखवलात, परत वजन केलंत आणि तोच आकडा आल्यावर त्याला "बघा दादा" एवढंच म्हणालात. तो शेतकरी टपरीवर येऊन काकांच्या शेजारीच चहा प्यायला. काकांनी त्याला विचारलं, काटेवाला कसा शे? तो म्हणाला, किरकिऱ्या शे, पन फसाडत नई.

"हाऊ निकाल पक्का," काका अण्णांना म्हणाले. "सुपारी फोडा."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता काका गल्लीत तोंड कसं दाखवणार? मी दुकानातून घरी येत होते, तर ते कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "आमना जवाई फिजिक्समा नापास व्हयना." तोच थाट, तोच आवाज. शेजारचे हसले, तर त्यांच्यावर उलटले. "हासू नका. तुमना पोर्‍यानी ते पुस्तक कधी उघाडं का? नापास व्हवाले बी आधी पेपरले बसनं पडस!"

अण्णांनी रविवार, १४ डिसेंबर काढला आहे. तुम्हाला चालेल का? आधी तुम्हाला विचारते, मग मामांना फोन जाईल.

दिपमाला


धरणगाव,
दि. ९ डिसेंबर २०२५

प्रिय दिपमाला,

चालेल.

पत्र पोचायला उशीर झाला तर घोटाळा नको, म्हणून हाच शब्द फोनवरही सांगितला. तुम्ही फोन उचललात तेव्हा मागे कोणीतरी खोकलं आणि मी पुढचं विसरलो. ते इथे लिहितो.

जानेवारीच्या सत्राला मी पुन्हा नाव घातलं आहे. तोच कोर्स, पहिल्या धड्यापासून. लग्न ठरलं म्हणून सोडायचा माझा विचार नाही. तुमची हरकत असेल तर आताच सांगा.

आणखी एक. काका आता पुढच्या वेळी मी पास होणारच असं लोकांना सांगू लागले असतील, असं मला वाटतं. ते तसं सांगत असतील तर त्यांना थांबवा. मी पुन्हा नापास होऊ शकतो. शक्यता बरीच आहे. हे त्यांना सुपारीच्या आधी कळलेलं बरं.

तुमचा,
कुंदन


धुळे,
११ डिसेंबर २०२५

कुंदन,

सांगितलं. या वेळी एकदाच सांगावं लागलं. काका म्हणाले, "तो म्हणस म्हणजे व्हई."

हरकत नाही. फक्त पुढच्या पेपरला तुमच्याबरोबर फाटकापर्यंत मी येणार, काका नाहीत.

रविवारी अकराच्या आत या. हिरवी वांगी आजच आणून ठेवली आहेत.

दिपमाला